पासवर्ड : हुशार साडू एक

आदरणीय साडूसाहेब,

नमस्कार. तो मनापासून आहे असं समजू नका. पत्राची सुरुवात कशाने तरी करावी लागते. प्रकृती कशी आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना? आजची राहिली असेल तर आधी ती घ्या, मग पुढचं वाचा. ताईंना माझा नमस्कार सांगा, आणि तो मात्र खरा आहे. तुमच्यासारख्या माणसाबरोबर चाळीस वर्षं संसार करणाऱ्या बाईबद्दल मला जो आदर वाटतो तो पत्रात मावायचा नाही. ‘इकडे सर्व कुशल’ असं लिहायची पद्धत आहे. इकडे काहीही कुशल नाही, आणि त्याचं कारण सध्या तुमच्या आरामखुर्चीत बसून हे पत्र वाचतं आहे.

तुम्ही माझ्या कामाला ‘अक्षरं बघण्याचा उद्योग’ म्हणता, म्हणून आधी ते पुन्हा एकदा सांगतो. मी हस्ताक्षरतज्ज्ञ आहे. एखादी सही खरी की कोणी गिरवलेली, हे भिंगाखाली तपासून कोर्टाला सांगणं हे माझं काम. एकतीस वर्षं मी ते कागद, भिंग आणि एक चामड्याची बॅग एवढ्यावर केलं. बॅग कधी बंद पडली नाही, बॅगेने कधी पासवर्ड विचारला नाही. पण गेल्या महिन्यात तुम्ही आमच्याकडे आलात, माझी बॅग हातात घेऊन तोललीत आणि मान हलवलीत. (ती मान तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून जग जिथे जिथे तुमच्याशिवाय चाललेलं दिसतं तिथे तिथे हलवता.) म्हणालात, एवढं ओझं कशाला वाहता? घरचा कॉम्प्युटर चालू ठेवा, मी एक प्रोग्राम टाकून देतो, मग जगाच्या पाठीवर कुठूनही घरच्या फायली उघडा, जसं काही आपण घरीच बसलो आहोत. मी म्हटलं, पेन ड्राइव्हवर घेऊन जातो की. त्यावर तुम्ही जे हसलात ते हसू मी विसरलेलो नाही. एखाद्याने टपाल पोचवायला कबूतर शोधावं तसं तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला लाज वाटली, साडूसाहेब. आयुष्यात मी केलेल्या बहुतेक चुका कोणीतरी हसल्यामुळे केल्या आहेत.

तर परवा मंगळवारी मला शेजारच्या जिल्ह्याच्या कोर्टात साक्ष होती. प्रकरण एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचं. बाजारपेठेत त्याचं छोटं दुकान, वर राहायची एक खोली. बायकामुलं नाहीत. शेवटची अकरा वर्षं एका भाचीने त्याला सांभाळलं, आणि त्याचा हात थरथरायला लागल्यावर त्याच्याकडून काम शिकून तीच दुकान चालवायला लागली. मृत्युपत्रात त्याने दुकान आणि खोली तिला दिली. त्याबरोबर दोन पुतणे उगवले. म्हातारा आजारी असताना त्यांना त्याचं घर सापडलं नव्हतं, तो गेल्यावर मृत्युपत्र निघताच सापडलं. त्यांचं म्हणणं, सही खोटी आहे. मी त्याच्या जुन्या अकरा सह्या मिळवून तपासल्या होत्या. सही खरी आहे असा माझा लेखी अहवाल कोर्टात आधीच दाखल होता. मी गेलो ते बॅगेशिवाय, हात हलवत. गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलंसुद्धा, सामान विसरलात का. मी म्हटलं, नाही, माझं सामान इंटरनेटवर आहे. त्या बाईंनी आपली पिशवी जरा जवळ ओढून घेतली.

अकरा वाजता सुनावणी सुरू झाली आणि न्यायाधीशबाईंनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं की अहवालातली चित्रं छापताना काळवंडली आहेत, सह्यांची मूळ मोठी केलेली चित्रं पडद्यावर पाहायची आहेत. दुपारी तीनला पुन्हा बसू, तोवर आणा. भाचीच्या वकिलाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला तुमच्याच थाटात म्हणालो, “एकदम सोपं आहे.” देवाने त्या क्षणी माझी जीभ का धरली नाही, कळत नाही.

वकिलांच्या खोलीत एक मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर होता. आजूबाजूला काळे कोट घातलेले चार-पाच जण डबे उघडून बसलेले. मी प्रोग्राम उघडला. त्याने नऊ आकडी नंबर मागितला. तो नंबर तुम्ही मला विसरायला होऊ नये म्हणून एका चिठ्ठीवर लिहून दिला होता, आणि ती चिठ्ठी हरवू नये म्हणून चिकटवली होती. कुठे? घरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर! म्हणजे घरापासून लांब असतानाच जो नंबर लागणार तो फक्त घरी असतानाच दिसेल अशी सोय. तुमची एक्स्चेंज पस्तीस वर्षं कशी चालली, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

मी हिला फोन केला. तुमच्या मेव्हणीचा दवाखाना खालच्या मजल्यावर आहे हे तुम्हाला माहीतच आहे, आणि दातांच्या डॉक्टरला सकाळी साडेअकराला फोन केला की पलीकडे एक माणूस तोंड उघडं ठेवून बसलेला असतो हेही. ती त्याला तसाच ठेवून वर गेली, नंबर वाचून दाखवला आणि खाली आली. आता पासवर्ड. तो तुमच्याकडे. तुम्ही पाचव्या खेपेला फोन उचललात, तोंडात काहीतरी चघळत पासवर्ड सांगितलात, आणि जे ऐकू आलं त्यावर विश्वास बसेना म्हणून मी मोठ्याने विचारलं, “हुशार साडू एक?”

तुम्ही म्हणालात, “कोण?”

“तुम्ही! पासवर्ड! हुशार साडू एक?”

“हो. इंग्रजीत, सगळं जोडून. पहिलं अक्षर मोठं.”

साडूसाहेब, माणसाने स्वतःबद्दल चांगलं मत बाळगावं, पण ते दुसऱ्याच्या कॉम्प्युटरचं कुलूप म्हणून बसवू नये. पाच वकिलांच्या देखत मी ते अक्षर अक्षर उच्चारत टाइप केलं. एकाने घास थांबवून विचारलं, “दोन नंबरचे साडू तुम्ही का?”

तरी काही होईना. पलीकडे इंटरनेटच नव्हतं. पुन्हा हिला फोन, पुन्हा तो उघड्या तोंडाचा गृहस्थ एकटा, पुन्हा ही वर. तेव्हा उलगडा झाला की सासूबाईंची कंबर धरली होती, म्हणून त्यांनी शेकायच्या पिशवीसाठी राउटरची पिन काढून ठेवली होती. (आपल्या सासूबाई सकाळी माझ्या कॉम्प्युटरवर शाळेच्या आठवणी टाइप करत बसतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुख्याध्यापिका म्हणून काढलेली पंचवीस वर्षं त्यांनी आत्तापर्यंत एकशे चाळीस पानांत आणली आहेत, आणि अजून पहिली सहामाही संपलेली नाही.) हिने पिशवीची पिन काढून राउटरची लावली. आईला काहीतरी सांगितलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही, कारण कानातलं यंत्र त्यांनी टेबलावर काढून ठेवलं होतं. मग ही खाली गेली आणि मला म्हणाली, “आता मला फोन केलास ना, तर तुझेच दात मोजीन.”

आणि एकदम पडद्यावर माझं घर उघडलं! म्हणजे माझा कॉम्प्युटर. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला तुमच्याबद्दल बरं वाटलं. तो क्षण मी आता परत घेतो. पडद्यावर सासूबाईंच्या आठवणी उघड्या होत्या, पान एकशे एक्केचाळीस. मी तो कागद बाजूला सारायला गेलो. त्यांनी तो परत मधे आणला. मी पुन्हा सारला. त्यांनी पुन्हा आणला. शेवटी माऊसचा बाण एका जागी थांबला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या वर्णनाखाली एकेक अक्षर उमटायला लागलं : ‘कोण आहेस तू? चालता हो.’

निदान बोलणं तरी सुरू झालं म्हणून मला हायसं वाटलं. मी इंग्रजी अक्षरांत उत्तर टाइप केलं की मी जावई. उत्तर आलं : ‘मराठी मराठीत लिही.’ मी कीबोर्डवर मराठी शोधेपर्यंत सगळे वकील माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. मी लिहिलं, मी जावई. त्यांनी विचारलं, कोणता? मी म्हटलं, धाकटा. त्यांनी लिहिलं, पुरावा?

आता माझी गंमत बघा. आयुष्यभर मी एका रेघेवरून माणूस ओळखत आलो. एखाद्याने चिठ्ठीवर नुसता ‘अ’ काढला तरी तो कोणाचा हे मी छातीठोक सांगेन. आणि इथे मीच मी आहे हे पटवायला माझ्याकडे एक वळण नाही, एक वेलांटी नाही, सगळ्या जगाची असतात तीच छापील अक्षरं! सासूबाई त्या मानाने सराईत निघाल्या. त्यांनी प्रश्न घातला : ‘आमच्या घरी पहिल्यांदा आलास तेव्हा काय फोडलंस?’

मी लिहिलं, ‘निळी फुलदाणी.’

‘आळ कोणावर घेतलास?’

मागे पाच वकील होते. मी लिहिलं, ‘मांजरावर.’

 मग उत्तर आलं : ‘बरं. बसा. काय हवं आहे?’ पुरावा पटल्याबरोबर बाईंनी ‘तू’चं ‘तुम्ही’ केलं. अशी शिस्त आता राहिली नाही.

मी सांगितलं, घड्याळजी नावाचं फोल्डर हवं. इथपर्यंत सगळं सावरलं होतं. पण मदत करण्याची हौस काही एकट्या तुम्हालाच नाही. मी बाण घड्याळजीवर नेला, त्याच वेळी सासूबाईंनीही माऊस हलवला, बाण घसरला, आणि मी दाबलं ते शेजारच्या फायलीवर. फायलीचं नाव होतं ‘घरगुती तक्ता’.

हो. तोच.

माझी नजर अधू म्हणून अक्षर मोठं ठेवलेलं. सबंध पडदाभर तो पसरला. पहिल्या रकान्यात महिना, दुसऱ्यात ‘सासूबाई कुठे’, तिसऱ्यात ‘त्यांना सांगायचं कारण’. मार्च-एप्रिल, धाकट्याकडे. मे, मोठ्या जावयांकडे पाठवणे. कारण : धाकट्याकडे घराला रंग. जून, धाकट्याकडे परत; कारण : मोठ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. जुलै, मोठ्यांकडे, न पाठवता आल्यास रंग चालू ठेवणे. ऑगस्ट, दोघांकडेही अडचण दाखवणे व त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणीचा विषय काढून पाहणे. हे तुमचे उद्योग, साडूसाहेब! तुमच्यासारख्या माणसाशी नातं जोडलं की आपल्या कॉम्प्युटरवर कुठल्या कुठल्या गोष्टी येऊन बसतात याची मला तेव्हा पहिल्यांदा जाणीव झाली.

मी फाइल बंद करायला हवी होती. पण माझा हात उठेना, कारण बाण हलायला लागला होता. तो मी हलवत नव्हतो. तो पहिल्या ओळीवर गेला, सावकाश शेवटपर्यंत सरकला, दुसऱ्या ओळीवर उतरला. वही तपासताना बाईंचं बोट फिरतं ना, तसा. ‘रंग चालू ठेवणे’ इथे तो जरा थांबला. ‘मैत्रिणीचा विषय काढून पाहणे’ इथे बराच वेळ थांबला. माझ्या मागे कोणीतरी खोकलं. एका वकिलाने डबा बंद केला आणि तो बाहेर निघून गेला. त्याला बहुधा सासू असावी. शंभर किलोमीटरवरून मी बघत बसलो होतो, आणि मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. तुम्ही शोधलेल्या या सोयीत घरचं सगळं दिसतं, फक्त समोर बसलेलं माणूस दिसत नाही.

मग त्यांनी तक्ता बंद केला. घड्याळजीचं फोल्डर स्वतः उघडलं. त्यात बारा चित्रं होती, अकरा जुन्या सह्यांची आणि एक मृत्युपत्रावरच्या सहीचं. ती माझ्याकडे यायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ बाण कोपऱ्यात गप्प उभा होता. संपल्यावर त्यांच्या कागदावर अक्षरं आली : ‘मिळालं का?’ मी लिहिलं, हो.  त्यांनी लिहिलं : ‘कोर्टाला उशीर करू नका.’ आणि मग त्यांनी आमचं सगळं बोलणं शेवटच्या अक्षरापासून एकेक करत पुसून टाकलं आणि स्नेहसंमेलनाचं वर्णन पुढे सुरू केलं.

तीन वाजता मी सह्या पडद्यावर दाखवल्या. मुद्दा साधा होता. म्हातारा सहीतलं शेवटचं अक्षर काढायच्या आधी प्रत्येक वेळी पेन उचलायचा. वयाच्या तिशीतल्या सहीत उचललंय, साठीतल्या सहीत उचललंय, हात थरथरायला लागल्यावरही तिथेच उचललंय. गिरवणारा माणूस तिथे घाबरून रेघ जोडतो. मृत्युपत्रावर रेघ जोडलेली नव्हती. पुतण्यांचा वकील उभा राहिला. त्याने मला विचारलं की ही चित्रं आज घरून मागवली, तर घरी कॉम्प्युटरपाशी कोण होतं? मी म्हटलं, माझ्या सासूबाई. त्यांनी चित्रांत काही फेरफार केला नसेल कशावरून, असं त्याने विचारलं, आणि पुढे, “तुमच्याबद्दल त्यांना आस्था आहे?”

शपथेवर होतो, साडूसाहेब. म्हटलं, “सकाळपर्यंत होती.”

वकिलांच्या खोलीतले लोक मागच्या बाकावर होते. त्यांना हसू आवरेना, न्यायाधीशबाईंना दोनदा टेबल वाजवावं लागलं. पण त्यांनी चित्रं अहवालातल्या छापील चित्रांशी एकेक ताडून पाहिली, जुळली, आणि सही खरी असल्याचं नोंदवून घेतलं. भाची शेवटपर्यंत मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. तिने वकिलाला एवढंच विचारलं, “म्हणजे उद्या दुकान उघडू?” तो हो म्हणाला, तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.”

परतीची गाडी चुकल्याने रात्री तिथेच राहून काल दुपारी तो नमस्कार घेऊन मी घरी पोचलो. सासूबाईंची बॅग दारात होती. मी बूट न काढताच उभा राहिलो. त्या म्हणाल्या, “निकाल काय लागला?” मी सांगितलं. म्हणाल्या, “मुलीला न्याय मिळाला, छान झालं.” मग खुर्चीवर बसून त्यांनी चष्मा पुसला. मी म्हटलं, “आई, तो तक्ता...” त्या म्हणाल्या, “तक्ता नीट आखला होता. पण ज्या माणसाला पाठवायचं त्याला विचारायचा रकानाच नव्हता त्यात.” आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, राहा. त्या म्हणाल्या, “कोणाच्या पाळीने?” आणि त्यांच्या त्या शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी निघून गेल्या. रिक्षापर्यंत बॅग मी नेली. जड होती. एकशे चाळीस पानं छापून घेतली होती त्यांनी, माझ्याच प्रिंटरवर.

तेव्हा यापुढे माझ्या घरातल्या कुठल्याही वस्तूला, मग ती विजेवर चालो अथवा न चालो, सुधारायला येऊ नका. तुमचा प्रोग्राम मी काढून टाकणार आहे. (कसा काढतात ते कळवा.) ताईंना पुन्हा एकदा नमस्कार आणि तुम्हाला जेवढा शिल्लक राहील तेवढा.

तुमच्याशी केवळ लग्नामुळे बांधलेला,
धाकटा साडू

ता. क. – रविवारी दहाच्या गाडीने या. ताईंना घेऊन या. मैत्रिणीकडे मी आज सकाळी एकटा जाऊन आलो. सासूबाईंनी चहा दिला, स्नेहसंमेलनाचं प्रकरण वाचून दाखवलं, पण परत यायचं नाव काढलं नाही. दोघांनी मिळून जाऊन, समोर बसून, ‘आई, आम्हाला तुम्ही घरात हव्या आहात’ असं म्हटल्याशिवाय गाडं हलणार नाही. फोनवर नको. बाकी कशावरूनही नको.

ता. क. २ – वर तक्त्याबद्दल मी जे ‘तुमचे उद्योग’ लिहिलं आहे ते पान फाडून पुन्हा लिहायचा कंटाळा आला, म्हणून तसंच ठेवतो. तक्ता मी केला होता. तुम्हाला दाखवला तेव्हा तुम्ही नुसतं ‘हे बरं दिसत नाही’ म्हणाला होतात आणि मी हसलो होतो. तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं कारणही मीच रचलेलं. सासूबाईंना हे मी आज सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, “माहीत आहे. मोठ्यांना ‘न पाठवता आल्यास’ असलं मराठी येत नाही.”

ता. क. ३ – रविवारच्या आधी जमलं तर फार बरं होईल. कालपासून माझी उजवीकडची खालची दाढ ठणकते आहे, गाल सुजला आहे, आणि घरातल्या डॉक्टरीणबाई खुर्चीत बसू देत नाहीत. म्हणतात, आधी आई.